बाल्कनीतला गार्ड

मालगाडीच्या शेवटच्या डब्यात माझी सगळी नोकरी झाली. पुढे इंजिनात दोघे, मागे गार्ड म्हणून मी एकटा. तुघलकाबादहून पानिपतकडे जाताना तासन्‌तास बोलायला माणूस नसायचा, पण एकटं असं कधी वाटलं नाही. कारण प्रत्येक स्टेशनवर, प्रत्येक फाटकावर कुणीतरी हिरवी झेंडी धरून उभा असायचा. गाडी नीट चालली आहे, एवढंच त्याला सांगायचं असे. उत्तरादाखल मी माझी झेंडी दाखवायची. त्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, पण त्याने मला पाहिलं आणि मी त्याला पाहिलं. एखाद्या ठिकाणी झेंडी दिसली नाही, तर मी डब्याबाहेर वाकून मागे बघत राहायचो.

रिटायर झालो आणि मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. बायको वर्षभरात गेली. मुलगा परदेशी कंपनीत लागला आणि गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेला. आमच्या सोसायटीत बघता बघता घरटी गाडी आली. सकाळी सगळे भराभर निघायचे, काचा वर, एसी सुरू. मी बाल्कनीत उभा राहून प्रत्येक गाडीला, झेंडी धरल्यासारखा, हात आडवा धरायचो. हाडात मुरलेली सवय. वर कुणी पाहायचं नाही. मीही हट्टी, तरी धरायचो.

समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंना वाटलं, म्हातारा आपल्याला खुणा करतो. सेक्रेटरी मला चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी सरळ मुलाला फोन लावला. रविवारी तो नेहमीसारखा भेटायला आला, चहा अर्धाच प्यायला.

"बाबा, प्लीज, हात आत ठेवत जा. लोकांना काय माहीत तुमची रेल्वे?"

मला संताप आला होता. तरी म्हणालो, "बिल्कुल. ठेवतो आत."

दर रविवारी त्याची गाडी गेटबाहेर वळेपर्यंत मी हात आडवा धरून उभा असे. त्याने कधी मान वळवली नव्हती. त्या दिवशी तो निघाला तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. गाडी गेटपाशी जाऊन थांबली. आत फोन वाजला.

"बाबा, बरं वाटत नाहीये का? आरशात हात नाही दिसला आज."

"बरा आहे. तूच म्हणालास ना, आत ठेवा."

"अच्छा, हां. चलो, निघतो मग."

मी बाल्कनीत येईपर्यंत गाडी गेलेली होती. आधी फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मुलाचं आपल्याकडे लक्ष असतं, या विचाराने डोळे भरून आले. मग कप विसळायला घेतले आणि डोकं भणाणलं. म्हणजे इतकी वर्षं, दर रविवारी, माझा हात त्याला दिसत होता. आणि काच खाली करून आपलाही हात बाहेर काढावा, असं त्याला एकदाही वाटलं नाही.