नथ घातलेला मासा आणि रशियाचा झार

माझा थोरला भाऊ श्रीकांत बँकेच्या बदलीवर कोलकात्याला गेला आणि बालीगंजमध्येच राहिला. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, हा रशियाच्या झाराच्या नादी लागला. फुटपाथवर इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि त्यातला तिसरा अलेक्झांडर त्याला इतका आवडला की विचारू नका. "त्याच्या राज्यात मोठं युद्ध झालंच नाही," दादा सांगायचा. "बाहेर शांतता, घरात शिस्त! गृहनीती वेगळी, परराष्ट्रनीती वेगळी."

म्हणजे कशी, तर वरच्या मजल्यावरच्या धुण्याचं पाणी ह्याच्या पापडांवर गळायचं, तरी हा वर बघून हसायचा. बाजारात मासेवाल्यांना नमस्कार करायचा, फक्त नाक रुमालात असायचं. घरात मात्र अंडंसुद्धा बंद. झार वर्तमानपत्रांवर करडी नजर ठेवायचा, म्हणून हा कोळंबीच्या पाककृती कात्रीनं कापून मगच पेपर कालिंदीवहिनीच्या हातात द्यायचा. झारानं सगळ्यांवर रशियन भाषा लादली. इथं लेकीच्या, यामिनीच्या, तोंडून बंगाली शब्द निघाला की शिक्षा म्हणून रामरक्षा. पोरीला रामरक्षा पाठ झाली ती अशी. मला त्यात काही वाईट वाटलं नाही.

पण यामिनीनं बराकपूरचा अनिर्बाण पसंत केला. दादानं ते जाडजूड पुस्तक पुन्हा चाळलं. मग म्हणाला, "चालेल. हा परराष्ट्र व्यवहार आहे. अट एकच, मासा माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. कळव त्यांना."

कळवायचं वहिनीनं होतं. तिनं कळवलंच नाही.

"अहो वन्सं, कशी सांगू?" लग्नाच्या सकाळी ती माझ्या कानाशी लागली. "त्यांच्यात मुलाकडची हळद येते ती नटवलेल्या रोहू माशाबरोबर. मासा नको म्हणणं म्हणजे आपल्याला कुणी अक्षता नकोत म्हणण्यासारखं. परत पाठवला तर लग्न मोडेल हो!"

तेवढ्यात खाली शंख वाजला. माघाची थंडी. अनिर्बाणचे काका शिबेनबाबू आणि त्यांची माणसं, सगळे माकडटोप्या घालून जिना चढत आले. पुढच्या परातीत हातभर लांब मासा. लाल नऊवारी, कपाळावर चंद्रकोर, नाकाच्या जागी नथ. शेजारी हळदीची वाटी.

"दादा," शिबेनबाबू धापा टाकत हिंदीत म्हणाले, "हमेशा बंगाली साडी पहनाते हैं. इस बार मराठी किया. फोन में देख-देखके!"

दादा काळी टोपी घालून दारात उभा. बाजूला होईना. शिबेनबाबूंचं हसू हळूहळू उतरायला लागलं. वहिनी पांढरीफटक. यामिनी पाटावरून उठून आली.

"बाबा, फ्रान्सचं आरमार रशियात आलं, तेव्हा तुमच्या झारानं काय केलं?"

"तो विषय आत्ता नाही."

"काय केलं?"

"फ्रान्सची मैत्री हवी होती त्याला. त्यांच्या राष्ट्रगीताला टोपी काढून उभा राहिला."

"आणि ते गाणं त्याच्या राज्यात चालायचं?"

"छे! बंदी होती." दादाचा आवाज खाली आला. "राजाला उलथवणाऱ्यांचं गाणं ते."

"मग?"

दादानं माशाकडं पाहिलं. नथ जरा वाकडी झाली होती. त्यानं सावकाश टोपी काढली आणि ताठ उभा राहिला.

शिबेनबाबूंना वाटलं, मराठी लोक माशाला असाच मान देत असतील. त्यांनी माकडटोपी उतरवली. मागच्यांनीही उतरवल्या, केस सगळ्यांचे उभे. अख्खा जिना एका रोहूसाठी स्तब्ध.

आता ही शांतता मोडायची कुणी? मी ताम्हन आणलं. नऊवारी नेसून दारात आलेलीला कुंकवावाचून आत कसं घ्यायचं? कुंकू लावलं, ओवाळलं. मनात म्हटलं, नारायणा, पहिला अवतार तू ह्याच रूपात घेतलास, आता ओळख दाखव.

दादा बाजूला झाला. "गॅलरीपर्यंत," तो वहिनीला म्हणाला. "त्याच्या पुढं नाही. आणि कापायचा तर त्यांच्याच माणसांनी."

"अहो, पण ती माणसं जेवायला थांबणार. शिजवायचा कुठं?"

"ते मला कळवू नकोस," दादा म्हणाला, आणि परातीतली हळदीची वाटी स्वतः उचलून यामिनीच्या पाटाकडं निघाला.