पलीकडच्या सोंडेवरून

अण्णा गेल्याचं मला दुपारी कचेरीत कळलं. ठाण्याला मी जमिनीच्या नकाशांच्या नकला काढायचं काम करतो. टेबलावर कोलशेतकडच्या खाजणांचा एक जुना नकाशा पसरलेला होता, आणि शिपायानं येऊन सांगितलं की कल्याणहून कुणीतरी भेटायला आलंय. बाहेर व्हरांड्यात आमचे शेजारी वसंतराव उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. त्यांना काही बोलावं लागलं नाही. मी आत गेलो, शाईची दौत बंद केली, टाक पुसला, नकाशा गुंडाळून त्याला दोरी बांधली... हे सगळं मी इतक्या सावकाश केलं असावं की शेवटी वसंतराव दारात येऊन म्हणाले, "मधू, चल आता. सगळे थांबलेत." ठाणे ते कल्याण, अंतर ते केवढं. पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की गेले चार महिने मी ते एकदाही ओलांडलं नव्हतं.

त्याला आता सात आठवडे झाले. अण्णांचे जुने विद्यार्थी अजून भेटायला येतात. अण्णा, माझे वडील, कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवत. वर्गाला गच्चीवर नेऊन ते खाडी, रेल्वेचा फाटा आणि डोंगर दाखवत आणि मग खाली येऊन तेच फळ्यावर काढायला लावत. विद्यार्थी हे सगळं सांगतात आणि जाताना म्हणतात, तुम्ही भाग्यवान, तुम्हाला मास्तर रोज घरात मिळाले. मी मान हलवतो. अण्णांबद्दल मला जे ठाऊक आहे ते त्यातल्या कुणालाच ठाऊक नाही, आणि जे मी अण्णांना सांगायला हवं होतं ते सांगायचं राहून गेलं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमच्या घराच्या मागच्या पडवीतून मलंगगड दिसतो, आणि त्याच्या पुढे एकामागे एक सुळके, थेट चंदेरीपर्यंत. अण्णा म्हणायचे, ज्या डोंगराकडे तोंड करून आपण रोज दात घासतो त्याच्या पाठीमागे काय आहे हे आपल्याला माहीत नको? लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं लष्करी सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी चार खाकी पाठपिशव्या आणल्या. आईला ते मुळीच पसंत पडलं नाही. बायकामाणसांनी पाठीला ओझी बांधून रानात हिंडायचं, हे तिच्या माहेरी कुणी ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं, असं ती म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता तिनंच धाकट्या कुसुमच्या पिशवीचे पट्टे आखूड करून शिवून दिले. मग दर नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं निघायचो. एक रात्र डोंगरात, दुसऱ्या दिवशी परत. त्या वाटांना पाट्या नाहीत की खुणा नाहीत. गुरांनी पाडलेल्या वाटा, मोळ्या आणणाऱ्या ठाकरणींच्या वाटा. अण्णा पुढे, मग आई, मग कुसुम, शेवटी मी. वाट फुटली की अण्णा थांबायचे, उकिडवे बसून माती बघायचे आणि मग मला विचारायचे, "कुठली?" माझं उत्तर बरोबर आलं तर काही न बोलता उठून चालू लागायचे. ते न बोलणं मला तेव्हा फार मोठी शाबासकी वाटे.

मी मॅट्रिकला होतो त्या वर्षीची गोष्ट. कुसुम आठ वर्षांची. मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीतून गेलो. तिथून डोंगराच्या कडेकडेनं चालत चंदेरीच्या बाजूला जायचं आणि दुसऱ्या दिवशी वांगणीला उतरून गाडी पकडायची, असा बेत होता. दुपारी कारवीच्या रानात वाट हरवली. ती सापडेपर्यंत ऊन कललं आणि आम्ही एका खिंडीत पोचलो तेव्हा आईचे पाय उचलेनात. अण्णा म्हणाले, इथंच राहू. जागा चांगली होती, पण पाणी नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी एका घळीत झरा लागला होता. अण्णा डबे घेऊन निघाले तेव्हा मीच म्हणालो, तुम्ही बसा, मी जातो. त्यांनी जरा विचार केला आणि दोन्ही डबे माझ्या हातात दिले. "येताना दोन वाटा फुटतात," ते म्हणाले. "उजवी धर."

झऱ्यापाशी पोचलो, डबे भरले. परत येताना ज्या ठिकाणी वाट फुटत होती तिथं मला दोन नाही, तीन वाटा दिसल्या. सूर्य डोंगराआड गेलेला. उकिडवा बसून मी माती पाहिली, अगदी अण्णा बघत तशी, आणि एक वाट धरली. ती चुकीची होती. कारवीतून वर वर जात ती एका उघड्या सोंडेवर आली आणि संपली. पुढे तुटलेला कडा. मागे वळताना पायाखालचा दगड सरकला, घोट्यातून कळ गेली आणि एक डबा सुटला. तो कड्यावरून खाली जात असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. उठून उभा राहायला गेलो तर पाय टेकवेना. आणि मग समोर, घळीच्या पलीकडे, मला जाळ दिसला. खिंड तिथंच होती. हाक मारली तर पोचेल इतक्या अंतरावर, पण मध्ये ती काळी घळ.

मी हाका मारल्या. तिकडून अण्णांच्या हाका येत होत्या, "मधू... ए मधू..." आणि प्रत्येक हाकेला मी ओ देत होतो. त्यांना ती ऐकू जात नव्हती. वारा खिंडीतून माझ्या बाजूला वाहत होता. त्यांचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आणत होता आणि माझा आवाज माझ्याच तोंडावर परत टाकत होता. माझा घसा बसला. मग त्यांच्या हाकाही थांबल्या आणि नुसतं बोलणं ऐकू येऊ लागलं. कुसुमनं विचारलं, दादाची भाकरी मी खाऊ का? अण्णा म्हणाले, खा. मग आईचा रडका आवाज, तुम्ही जा, शोधून आणा त्याला, असं काहीतरी. आणि मग अण्णांचं बोलणं, जे मी त्यांच्याकडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं अशा चढ्या आवाजात.

"अंधारात कुणी खाली उतरायचं नाही. एक गेला तर एक गेला. मला तिघं घालवायची नाहीत."

त्यानंतर मी हाक मारली नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उजाडायच्या आधी तास-दीड तास वारा पूर्ण पडला होता. पान हलत नव्हतं. तेव्हा मी नुसतं "अण्णा" म्हटलं असतं तरी पलीकडे पोचलं असतं. मी जागा होतो, घसाही थोडा सुटला होता. मी म्हटलं नाही. मांडीशी भरलेला डबा धरून मी समोरच्या जाळाकडे बघत बसलो. तो रात्रभर चांगला मोठा होता, आणि मला वाटत राहिलं, ही सगळी तिकडे शेकत बसली आहेत.

फटफटलं तसे अण्णा घळीतून वर येताना दिसले. ते मला हाका मारत होते, मी गप्प होतो. शेवटी त्यांनीच मला पाहिलं. ते जवळ आले, माझा पाय हातात घेऊन दाबून पाहिला, आपलं उपरणं फाडून घट्ट बांधला. मग त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. तो काठोकाठ भरलेला होता. रात्रभरात मी त्यातला घोटभरही प्यायलो नव्हतो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी ठेवलं होतं म्हणावं, तर तसं नव्हतं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हाका ऐकल्या नाहीस?" मी म्हणालो, डोळा लागला होता. त्यांनी मला पाठीवर घेतलं. खिंडीत आल्यावर आईनं आपली शाल माझ्या अंगावर घातली आणि मला पोटाशी धरून बसली. त्या सकाळच्या बाकीच्या गोष्टी मी पाहिल्याच नाहीत. अण्णांच्या अंगात कोट नव्हता, हेसुद्धा.

पाठपिशव्या माळ्यावर गेल्या. पुढच्या नाताळात कुणी डोंगराचं नाव काढलं नाही. मला वाटलं, माझ्या चुकीमुळे अण्णांनी डोंगर सोडला. आणि खोलवर वाटत होतं की त्यांनी मलाच सोडलं, त्या रात्री, एका वाक्यात. घरात भांडण झालं नाही, अबोलाही नव्हता. त्यांनी विचारावं, मी उत्तर द्यावं, इतकंच उरलं. मॅट्रिकनंतर मला ठाण्याला नोकरी लागली. कल्याणहून रोज जाता-येता आलं असतं, तरी मी जांभळी नाक्याजवळ एक खोली घेतली. आईला कामाच्या वेळांचं कारण सांगितलं. अण्णांनी कारण विचारलं नाही. सुरुवातीला दर आठवड्याला घरी जायचो, मग महिन्यातून एकदा. खोलीत एकटं राहायची सवय झाली. संध्याकाळी चाळीतल्या इतर खोल्यांत दिवे लागत, माणसांची बोलणी ऐकू येत. मी दार लोटून बसायचो.

अण्णा असताना मी शेवटचा घरी गेलो होतो तो गणपतीनंतर. अण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते, पायावर थोडी सूज होती. आई देवळात आणि कुसुम मैत्रिणीकडे गेली होती. बराच वेळ आम्ही डोंगराकडे बघत बसलो. मग एकाएकी ते म्हणाले, "मी पुष्कळ वेळा विचार केला. त्या खिंडीत संध्याकाळनंतर वारा पश्चिमेकडे उतरतो. म्हणजे आमच्याकडून तुझ्याकडे." ते थांबले. "तुला आमचं बोलणं ऐकू येत होतं का रे?"

आठ वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो, असं मला म्हणता आलं असतं तर फार सोपं झालं असतं. पण तसंच होतं की नाही, मला सांगता येत नाही. हो म्हटलं असतं तर ते पुढे काहीतरी बोलले असते, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. भूगोल शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, वाऱ्याची दिशा ज्यानं एवढी मनात घोळवली, त्यानं माझं उत्तर खरं मानलं असेल का... आता हे कळायची सोय नाही.

अण्णांचे दिवस झाल्यावर पाहुणे गेले. एका संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण तांदूळ ती बोटांनी निवडते. मी तिला सांगून टाकलं. मी त्या रात्री अण्णांचं बोलणं ऐकलं होतं, असं. कोणतं, ते सांगायची गरज पडली नाही. तिचे हात थांबले.

"मी कंदील घेऊन उतरायला निघाले होते," ती म्हणाली. "दहा-बारा पावलं गेलेही होते. मला थांबवायला ओरडले ते. नाहीतर मी थांबले नसते."

मी सोंडेवर होतो. मला जाळ दिसत होता, माणसं दिसत नव्हती. कंदील घेऊन निघालेली आई मला दिसली नव्हती. आई पुढे सांगत राहिली, सावकाश, जणू मी लहान आहे. कुसुमला निजवल्यावर अण्णा बसलेच नाहीत. जाळ खाली येऊ दिला नाही. हाताला लागेल ते लाकूड संपलं तेव्हा त्यांनी आपली काठी जाळली, मग सतरंजी, मग अंगातला कोट. आई म्हणाली होती, कशाला जाळता, थंडी बाधेल, तो कुठेतरी झोपला असेल. "तर म्हणाले, तो झोपणार नाही. त्याला हे दिसलं पाहिजे."

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू ऐकलंस, हे मला कुठे ठाऊक होतं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "त्यांना होतं बहुतेक."

तिनं परत तांदूळ पुढे ओढले. मी तिथंच बसून राहिलो. वाईट वाटायला हवं होतं की हलकं वाटायला हवं होतं, ते मला कळत नव्हतं. नुसतं एकटं वाटत होतं. त्या सोंडेवर वाटलं होतं त्याहून जास्त. कारण तेव्हा पलीकडे कुणीतरी होतं.

ठाण्याची खोली मी सोडली. आता कल्याणहून जा-ये करतो. अण्णांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. कुसुम तिच्यावर वह्या ठेवते आणि पुन्हा उचलते. आईला दिसायचं कमी झाल्यापासून रोज सकाळी अण्णा पडवीत बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. ती आत स्वयंपाक करायची, ते बाहेरून वाचायचे. पहिल्या पानापासून पावसापाण्याच्या अंदाजापर्यंत. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. मला मोठ्यानं वाचायची सवय नाही. इतकी वर्षं एकट्यानं काढल्यावर माणसाचा आवाज स्वतःपुरता उरतो. परवा वाचताना एका बातमीच्या मध्यावर आत भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, ती मागच्या दारी गेली असेल. मी गप्प झालो.

"थांबलास का?" आई आतून म्हणाली. "ऐकू येतंय मला. वाच."