पहिला दिवस कितव्यांदा?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

सकाळी जुईनगरला आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये एक जण उभा राहून म्हणाला, "आज माझा पहिला दिवस."

मागून आमचाच एक जुना मेंबर हसला. "परत पहिला? किती वेळा रे?"

अरे, असं हसायला लाज नाही वाटत?

शहाऐंशी साली वाशीच्या मीटिंगला मीपण असाच होतो. सोडायचो, परत प्यायचो. एकदा शरमेनं दारातूनच मागे फिरलो, तर चहा करणाऱ्या सायमनकाकांनी दंड धरून आत बसवलं.

"चीनमध्ये एक डॉक्टर होता, अफूबाज. अफू सुटेना म्हणून फादरांनी त्याला चर्चमधला ख्रिस्तप्रसाद देणं बंद केलं. तीस वर्षं! तरी तो चर्चला जायचा."

"मग सुटली अफू?"

"नाही सुटली. पण त्यानं येणं सोडलं नाही. तू नुसता येत जा."

पुढे धर्मासाठी जीव दिलेला तो डॉक्टर आज चर्चचा संत आहे. आणि माझा पहिला दिवस नऊ वेळा उजाडला, तेव्हा कुठे टिकला.

आजचा माणूस चहा न घेताच निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही, तर दोष दारूला द्यायचा की त्या हसण्याला?