हाडांशेजारचा फोटो

एरंडोलच्या कडेच्या टेकाडावर उत्खनन सुरू झालं, तेव्हा सुपडू तिथं मजुरीला लागला. एके दुपारी त्याच्याच हातून कित्येक शतकांपूर्वीच्या बाईचा सांगाडा उघडा पडला. मनगटाशी काचेच्या बांगड्या, कुशीत तान्हं मूल. बघ्यांनी मोबाईल काढले, तसा सुपडूही खुरपं उंचावून, दात काढून शेजारी उभा राहिला आणि एकाकडून आपल्या मोबाईलवर फोटो काढून घेतला.

संध्याकाळी त्यानं तो फोटो बायकोला हौसेनं दाखवला. द्रौपदाबाई बघतच राहिली.

"हासी काय राहिना? ती बी कोनी माय शे ना!"

सकाळी मान खाली घालूनच सुपडूनं डोक्याचा रुमाल सोडला आणि त्या मायलेकरांवर पांघरला. उत्खननाच्या साहेबांनी तो काढायला लावला. मग कुणी मोबाईल काढला, की सुपडू सांगाड्यापुढे आडवा येऊन उभा राही.