धुरातली विचारपूस

मी आज हे लिहायला शिल्लक आहे तो आमच्या वणवा-टोळीच्या मुकादमांमुळे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना नुसतेच विक्षिप्त समजाल. तसे ते आहेतच. उभ्या झरी जामणी तालुक्यात इतके बिनकामाचे प्रश्न विचारणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. टोळीत सगळे त्यांना काकाजी म्हणत.

मी पुसदकडचा. सातवीतून शाळा सोडली आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागलो. मग कापसाची ती वाईट वर्षं आली, जिनिंगचं फाटक बंद झालं, आणि बायकोला व लेकीला गावी ठेवून मी उन्हाळ्यापुरता आग विझवायच्या कामावर झरी जामणीच्या जंगलात गेलो. आता आग विझवायला मीच सापडावा, ही गंमतच; घरी स्टोव्ह भडकला तरी मी अंगणात पळायचो आणि बायको विझवायची. तिकडे उन्हाळ्यात पाऊस न आणता नुसतीच वीज कडाडते. डोंगरावरच्या एखाद्या वाळक्या झाडावर पडते, झाड आतल्या आत धुमसत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की ठिणग्या सागाच्या पाचोळ्यात उडतात. आम्ही पुढे जाऊन पाचोळा ओढायचो, उघड्या मातीचा पट्टा करायचो आणि तो ओलांडू पाहणारी आग करंजाच्या हिरव्या फांद्यांनी झोडपायचो. धुरात शेजारचा माणूस दिसत नाही. म्हणून मुकादम हाक घालतो आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं ‘ओ’ द्यायची. सगळ्या टोळ्यांत एवढ्यावर भागतं. काकाजींचं भागत नसे. ‘ओ’ दिली की पाठोपाठ प्रश्न यायचा. “सासऱ्याचं गाव कोणतं?” “काल हजामत कोणाची झाली?” समोर जाळ, डोळ्यांत पाणी, आणि आपण ओरडून सासऱ्याचं गाव सांगायचं!

एकदा मोठे साहेब पाहणीला आले आणि धुरात आमच्यात मिसळून गेले. काकाजींनी त्यांनाही सोडलं नाही. “साहेब! घरची म्हैस कोन्या रंगाची हाय?” “आमच्याकडे म्हैस नाही!” साहेब धुरातून कडाडले. “बरं हाय,” काकाजी समाधानानं म्हणाले, “साहेब ठीक हायेत.” ही खोड जंगलापुरती असती तर चाललं असतं. एका लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, त्यांना नवरदेव जरा पांढरा पडलेला दिसला. झालं. “काहो जावईबुवा, नवरीचं नाव काय?” बिचाऱ्यानं घाबरून करवलीचं नाव सांगितलं. मंडपात हलकल्लोळ, आणि काकाजी त्याला तांब्याभर पाणी पाजल्याशिवाय मंगलाष्टक सुरू होऊ देईनात. आम्ही पुढे कितीतरी दिवस त्यावर हसत होतो. मी तर नक्कल करून दाखवायचो.

मग नाल्यापलीकडच्या जुन्या मोहाच्या झाडावर वीज पडली. दुसऱ्या दुपारी आग निघाली. पट्ट्याचं नदीकडचं टोक माझ्याकडे होतं. मधेच वारा फिरला आणि सगळा धूर नाल्यात उतरला. खाली पैनगंगेच्या डोहाकडे पळायचं, हे मला शिकवलेलं होतं. पण एका खडकाखाली गारवा लागला आणि मी तिथेच बसलो. खरं सांगतो, भीती अजिबात वाटत नव्हती. जन्मात पहिल्यांदा.

“पुसदवाले!”

“ओ!” मी खणखणीत ओ दिली.

“सकाळी काय खाल्लं?”

“पाटोड्या!” मी म्हणालो. बेसनाच्या, रश्शातल्या, बायकोच्या हातच्या. मला तिखटाचा वासही येत होता.

सकाळी आम्ही सगळ्यांनी ठेचा-भाकर खाल्ली होती. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आपला ओला दुपट्टा माझ्या तोंडावर बांधून कोणीतरी मला बगलेत धरून ओढत होतं आणि सारखं विचारत होतं. “पोरीचं नाव सांग. सांग ना बे! कोन्या वर्गात हाय? झोपू नको, तुह्या मायची आन!” डोहात दोनदा बुचकळल्यावर मी रडायला लागलो, तेव्हा कुठे काकाजींनी माझी मान सोडली. “जंगलात तुले पाटोड्या कोनं वाढल्या बे?” ते खोकत खोकत म्हणाले. “ ‘ओ’ तं धूर चढून झोपेत गेलेला मानूसबी देते. म्हनून इचारतो मी. अन् तुमी हसून राह्यले.”

दुपट्टा माझ्या तोंडावर होता. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. तो खोकला मग गेलाच नाही.

आता मी इथे हैदराबादेत एका गोदामावर राखणीला आहे. लेक माझ्याहून जास्त शिकली. टोळीतला एक जण अधूनमधून फोन करतो. म्हणतो, काकाजी यंदाही वणव्यावर गेले, खोकल्यानं आवाज पोचत नाही म्हणून पत्र्याचा डबा वाजवतात, आणि माणूस दिसेना झाला की कोणाचं न ऐकता स्वतःच धुरात शिरतात. ते ऐकल्यापासून मला इथे झोप लागत नाही. काकाजी, मी अजून तसाच भितरा आहे. पण येत्या उन्हाळ्यात रजा नाही मिळाली तर त्याच्या पुढच्या, मी येणार. तुम्ही डोहाकाठी सावलीत बसायचं. धुरात मी जाईन.