मुठीतला बर्फ

मैत्रिणीने ऐनवेळी सिनेमाचा बेत मोडला, तेव्हा माझ्या सतरा वर्षांच्या लेकीने फ्रीजमधून बर्फाचा खडा काढला आणि तो मुठीत घट्ट धरून ओट्याशी उभी राहिली. कणीक मळता मळता माझे हात थांबले. वर्षापूर्वी अशाच निरोपावर तिने मोबाइल फोडला होता, स्वतःचा हात ओरबाडून घेतला होता.

"वय आहे, लग्न झालं की सुधारेल," नणंद म्हणाली होती. ताप आल्यावर कुणी लग्नापर्यंत थांबतं का? मी लेकीला तडक समुपदेशक बाईंकडे नेलं. रागाची लाट ओसरेपर्यंत मुठीत बर्फ धरायचा, हे त्यांनीच शिकवलेलं.

बोटांतून पाणी ठिबकत राहिलं. मग तिने मैत्रिणीला लिहिलं, 'ठीक आहे, उद्या जाऊ.' आणि उरलेला खडा माझ्या मानेवर टेकवून खिदळली, "आई, आज अर्ध्या खड्यातच भागलं!"