आण्णांच्या पूजेतला माऊस

मंडळी, लग्नपत्रिका करून करून माझा तीन बटणांचा माऊस गेल्या महिन्यात मेला. कंपनीनं तो बनवणंच थांबवलंय, आणि सांगलीतले नवे माऊस काही हाताला बसेनात.

आज आष्ट्याला आण्णांच्या छापखान्यात गेलो. तिथं कॉम्प्युटरशेजारी हुबेहूब तसाच माऊस दिसला, दसऱ्याच्या हळदकुंकवासकट. आण्णा सगळं काम कीबोर्डवरच करतात.

"आवं आण्णा, ह्यो मला देता का?"

"न्या की, मला कुठं जमतोय त्यो. फकस्त दसऱ्याला माघारी आणा, पूजेला लागतोय."

घरी येऊन लगेच एक पत्रिका केली. माऊस लोण्यासारखा चालला. उठताना पाहिलं तर बोटाला कुंकू लागलेलं. बटणावरचं उरलेलं पुसायला मात्र हात होईना. तुम्ही पुसलं असतं का?